थोरला योहान, धाकटा योहान: स्ट्राउस बाप-लेकांची ध्वनिमुद्रणं ऐकायला कुठून सुरुवात करावी

दरवर्षी १ जानेवारीला, आपल्याकडे दुपारचे पावणेचार वाजले की व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनमधल्या सोनेरी सभागृहात व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची नववर्ष मैफल सुरू होते. शेवट ठरलेला असतो. आधी ‘निळी डॅन्यूब’ हा वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचा नाच, मग ‘राडेत्स्की मार्च’ आणि त्यावर सगळ्या सभागृहाच्या टाळ्यांचा ठेका. पहिली रचना मुलाची, दुसरी बापाची, आणि दोघांचंही नाव योहान स्ट्राउस. बहुतेकांची या घराण्याशी ओळख इथेच होते आणि इथेच थांबते. मुलगा ‘वॉल्ट्झचा राजा’ म्हणून सगळ्यांना ठाऊक, आणि बापाच्या वाट्याला येतो तो चार मिनिटांचाही नसलेला एक मार्च. मला हे मनापासून लागतं.

गेली कित्येक वर्षं मी हे संगीत ऐकतो आहे. त्यातून एक पद्धत हाती लागली: बापाची एक रचना ऐकायची आणि तिच्या पाठोपाठ मुलाची. अशा जोड्या लावल्या की मुलाने काय उचललं, काय वाढवलं आणि काय सोडून दिलं हे कानालाच कळतं. खालच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. स्वरलिपी वाचता येण्याची गरज नाही. एक बरा हेडफोन आणि रोजचा अर्धा तास पुरे.

पहिली पायरी: कोण कोणाचा ते पक्कं करा

थोरला योहान १८०४ साली जन्मला आणि १८४९ मध्ये, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, स्कार्लेट फीव्हरने गेला. धाकटा योहान १८२५चा, वारला १८९९ मध्ये. धाकट्याचे दोन भाऊ, योझेफ आणि एडुआर्ड, हेही रचनाकार. एडुआर्डच्या मुलाचं नावही योहान. रिचर्ड स्ट्राउसचा या घराण्याशी काही संबंध नाही, तो म्युनिकचा.

आता खरी अडचण. ऐकण्याच्या अॅपवर नुसतं ‘योहान स्ट्राउस’ लिहिलेलं असतं, तेही पुष्कळदा चुकीच्या योहानच्या खात्यावर. मी कित्येक महिने ‘आनेन पोल्का’ (पोल्का म्हणजे दोन मात्रांचा नाच) थोरल्याची समजून ऐकत होतो. ती धाकट्याची निघाली. झालं असं की दोघांनीही त्याच नावाची पोल्का लिहिली आहे. थोरल्याची १८४२ची, ओपस (म्हणजे रचनेचा अनुक्रमांक) १३७. धाकट्याची १८५२ची, ओपस ११७. तेव्हापासून मी नावावर विसंबत नाही, ओपस क्रमांक बघतो. थोरल्याचे क्रमांक अडीचशेच्या आसपास संपतात, धाकट्याचे ४७९पर्यंत जातात. जर्मन मुखपृष्ठावर ‘फाटर’ असेल तर बाप, ‘झोन’ असेल तर मुलगा. शोधताना नाव रोमन लिपीत आणि सोबत ओपसचा आकडा टाका. निम्मा घोळ तिथेच मिटतो.

दुसरी पायरी: ठेका बोटांत उतरवा

वॉल्ट्झ तीन मात्रांचा. आपल्या कानाला दादऱ्याची सवय असते, म्हणून तीन-तीनची विभागणी परकी वाटत नाही. गोव्यात किंवा वसईत ख्रिस्ती लग्नाला गेला असाल तर वॉल्ट्झवर पावलं पडताना पाहिलीही असतील. पण व्हिएन्नाचा ठेका सरळ नसतो. तिथे दुसरी मात्रा किंचित आधी पडते, आणि तिसरी येण्याआधी एक बारीकशी फट राहते. नाचणारी जोडी गिरकी घेताना त्या फटीत तरंगते. हे कागदावर लिहिलेलं नसतं, वादकांच्या हातात असतं.

टेबलापाशी बसा. उजव्या हाताचं बोट पहिल्या मात्रेवर टेका, दुसरी आणि तिसरी डाव्या हाताने द्या. संचालक विली बॉस्कोव्स्कीने व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलेली ‘निळी डॅन्यूब’ लावा. प्रस्तावना जाऊ द्या, मुख्य वॉल्ट्झ सुरू झाला की बोटं चालवा. डावा हात दरवेळी उशिरा पडतोय असं वाटेल. तुम्ही चुकत नाही, ‘सेकंड व्हायोलिन’वाले आणि व्हियोलावाले मात्रा लवकर देताहेत. दोन-तीन दिवसांत बोटं आपोआप जुळतात. त्यानंतर संचालक फ्रिट्झ राइनरने शिकागो सिम्फनीबरोबर केलेलं धाकट्याच्या ‘सम्राट वॉल्ट्झ’चं ध्वनिमुद्रण ऐका. वादन लखलखीत, एकही सूर सैल नाही, पण ती फट कमी भासते. मला दोन्ही आवडतात. नाचायची ओढ मात्र पहिल्याने लागते.

तिसरी पायरी: वॉल्ट्झचा सांगाडा ओळखा

एका वॉल्ट्झमध्ये एकच धून असते हा समज सोडावा लागतो. प्रस्तावना, मग एकामागून एक साधारण पाच छोटे वॉल्ट्झ, आणि शेवटी आधीच्या धुनी आठवत येणारा कोडा, अशी ही माळ असते. हा घाट बसवला थोरल्या योहानने आणि त्याचा आधीचा सहकारी, नंतरचा प्रतिस्पर्धी योझेफ लानर याने. धाकट्याने प्रस्तावना लांबवली, धुनींना मोठा श्वास दिला, कोड्याला नाट्य दिलं. ‘व्हिएन्नाच्या जंगलातल्या कथा’ (ओपस ३२५, १८६८) ऐकताना मुख्य वॉल्ट्झ यायला इतका वेळ लागतो की नाच आहे हेच विसरायला होतं. मध्ये झिथर हे तारवाद्य एकटं बोलू लागतं, जणू जंगलातल्या खानावळीत कोणी वाजवत बसलं आहे.

एकदा कागद घेऊन मोजा. धून बदलली की एक रेघ. पाच रेघा आल्या की सांगाडा हाती लागला.

चौथी पायरी: जोड्या लावा

इथे घाई करू नका. एका दिवशी एकच जोडी.

पहिली जोडी दोन नद्यांची. थोरल्याची ‘लोरेलाय-ऱ्हाइन-क्लेंगे’, म्हणजे लोरेलाय आणि ऱ्हाइनचे नाद, ओपस १५४, १८४३. धाकट्याची ‘निळी डॅन्यूब’, ओपस ३१४, १८६७. मधे चोवीस वर्षं. दुसरी रचना आधी पुरुषांच्या गायकवृंदासाठी होती. तिचा पहिला प्रयोग १५ फेब्रुवारी १८६७चा, आणि नुसत्या वाद्यवृंदाचं रूप पुढच्या महिन्यात वाजलं. बापाची नदी आधी ऐका. धुनी आखूड, कापलेल्या, पावलांसाठी बांधलेल्या, ताल सगळ्याच्या वर. मग मुलाची. तंतुवाद्यांच्या थरथरीतून हॉर्न हळूच धुनीची पहिली चाहूल देतो, आणि ती धून पूर्ण यायला मोठी वाट बघायला लावतो. बाप नाचवतो, मुलगा वाट बघायला लावून मग नाचवतो. मुलाचं हे धाडस बापाचा पक्का ताल हाताशी असल्यामुळेच शक्य झालं, असं मला दर वेळी वाटतं.

दुसरी जोडी त्याच दोन ‘आनेन’ पोल्कांची. धाकट्या योहानच्या आईचं नावही आना. थोरल्याने मुलांना संगीतात येऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. धाकट्याने बँकेत जावं ही त्याची इच्छा. पोरगा चोरून व्हायोलिन शिकला, तेही बापाच्याच वाद्यवृंदातल्या फ्रान्झ आमोनकडे. आई पाठीशी उभी राहिली. थोरल्याचा दुसरा संसार होता, एमिली ट्राम्पुशबरोबर. घर मोडलं तेव्हा आईच्या घरातल्या या मुलाला कमावणं भागच होतं. हे ठाऊक झाल्यावर दोन्ही पोल्का ऐका. धाकट्याची संथ, हळुवार, प्रत्येक ओळीच्या शेवटी किंचित थबकणारी.

तिसरी जोडी, खरं म्हणजे तिकडी, मला सगळ्यांत जवळची. १८३७ मध्ये थोरला आपला ताफा घेऊन पॅरिसला गेला. तिथे बर्लिओझसारख्या फ्रेंच रचनाकाराने त्याच्या तालाची वाखाणणी केली. पॅरिसकरांसाठी त्याने ‘पॅरिस वॉल्ट्झ’ (ओपस १०१) लिहिला आणि त्याच्या शेवटी ‘मार्सेयेज’ हे क्रांतिगीत चक्क तीन मात्रांत बसवलं. पुढे लंडनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी ओपस १०३मध्ये त्याने तिथल्या राष्ट्रगीताचंही हेच केलं. आता १८४८ला या. व्हिएन्नात क्रांती पेटली. धाकटा क्रांतिकारकांच्या बाजूने गेला, त्याने ‘क्रांती मार्च’ (ओपस ५४) लिहिला, आणि जाहीर कार्यक्रमात ‘मार्सेयेज’ वाजवल्याबद्दल पोलिसांनी त्याला बोलावून जाब विचारला. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला बापाचा ‘राडेत्स्की मार्च’ (ओपस २२८) पहिल्यांदा वाजला. इटलीत सम्राटाच्या बाजूने लढाई जिंकलेल्या सेनापतीचा तो गौरव. क्रम असा ठेवा: ओपस १०१, ओपस ५४, ओपस २२८. बापाने दहा वर्षांपूर्वी पाहुण्यांच्या कौतुकासाठी वाजवलेली धून मुलाला चौकशीला घेऊन गेली, हे या तीन रचनांतून ऐकू येतं. धाकटा पुढे दरबाराच्या नाचांचा संगीत-संचालक झाला. पण ते पद मिळायला १८६३ उजाडलं.

चौथी जोडी वेगाची. थोरल्याच्या काळात धावता नाच म्हणजे गॅलप. व्हिएन्नात पोल्का रुजली ती त्याच्या उत्तरायुष्यात, म्हणून त्याच्याकडे पोल्का थोड्या नि गॅलप पुष्कळ. ‘उसासे गॅलप’ (ओपस ९) आणि ‘काचुचा गॅलप’ (ओपस ९७) घ्या. शेजारी धाकट्याच्या ‘ट्रिच-ट्राच’ (ओपस २१४) आणि ‘गडगडाट आणि वीज’ (ओपस ३२४) या झपाट्याच्या पोल्का ठेवा. दोघांचंही पाऊल दोन मात्रांचंच. वाद्यांचा ताफा मात्र केवढा वाढला ते पहिल्या दहा सेकंदांत कळतं.

पाचवी पायरी: कोणाचं ध्वनिमुद्रण घ्यावं

धाकट्याच्या बाबतीत निवड करताना गोंधळ होतो तो विपुलतेमुळे. मी हा क्रम सुचवेन.

सुरुवात संचालक क्लेमेन्स क्राउसपासून. नववर्ष मैफलीची प्रथा त्याच्या हातून सुरू झाली. पहिली मैफल ३१ डिसेंबर १९३९ची, म्हणजे नाझी राजवटीतली, आणि ही गोष्ट झाकून ठेवू नये. १९५४ मध्ये तो गेला. त्याआधीच्या चार-पाच वर्षांत डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी केलेली त्याची स्ट्राउस ध्वनिमुद्रणं मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची, आहेत. पहिल्यांदा आवाज जुना, अरुंद वाटेल. पाच मिनिटं धीर धरा. त्या दुसऱ्या मात्रेचं इतकं सहज, न दाखवलेलं वादन मी इतरत्र क्वचितच ऐकलं आहे.

मग बॉस्कोव्स्की. हा फिलहार्मोनिकचा मुख्य व्हायोलिनवादक. १९५५ ते १९७९ त्याने नववर्ष मैफली केल्या, हातात व्हायोलिन घेऊन, स्ट्राउस मंडळींच्याच रिवाजाने. डेक्कासाठी त्याने सोफिएनसाल या वास्तूत भरपूर ध्वनिमुद्रण केलं. मुळात ते स्नानगृह होतं, लाकडी जमिनीखाली तरणतलाव, आणि तिथल्या गोलाव्याच्या आवाजाचं श्रेय पुष्कळ जण त्या पोकळीला देतात. पुढे तिथे नाचाचे समारंभ होत. धाकट्याचा ‘अॅक्सेलेरात्सिओनेन’ (ओपस २३४) १८६० मध्ये तिथेच, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या नाचासाठी, पहिल्यांदा वाजला. हळू सुरू होऊन यंत्रासारखा वेग घेणारी धून बॉस्कोव्स्कीच्या ध्वनिमुद्रणात नक्की ऐका. घरात एकच स्ट्राउस संच ठेवायचा असेल तर माझं मत याला.

तिसरा कार्लोस क्लायबर. १९८९ आणि १९९२ अशा दोनच नववर्ष मैफली, दोन्ही उपलब्ध. १९८९ची ‘कलावंताचं जीवन’ (ओपस ३१६) आणि १९९२ची ‘गडगडाट आणि वीज’ ऐकताना वाद्यवृंद खुर्चीच्या टोकावर बसलाय हे जाणवतं. कार्लोसचे वडील एरिख क्लायबर हेही थोर संचालक. मुलाने संगीतात पडू नये असंच त्यांनाही वाटत होतं, आणि कार्लोस झ्युरिकला रसायनशास्त्र शिकायला गेला होता. एरिखच्या १९३०च्या दशकाच्या सुरुवातीच्या ‘निळी डॅन्यूब’चं चित्रण सापडतं. ते बघून लगेच मुलाचं १९८९चं बघा. माझ्या दृष्टीने ही पाचवी जोडी.

झुबिन मेहता यांच्याबद्दल आपल्याकडे वेगळं सांगायला नको. मुंबईत जन्म. वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. झुबिन डॉक्टरकीचा अभ्यास सोडून १९५४ मध्ये व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्कींकडे संगीत-संचालन शिकायला गेले. १९९०, १९९५, १९९८, २००७ आणि २०१५ अशा पाच नववर्ष मैफली त्यांच्या. त्यांचा ठेका ऊबदार, रुंद असतो, घाई नसते. विद्यार्थी म्हणून त्या शहरात राहिलेल्या माणसाची ही चाल आहे.

सहावी पायरी: थोरल्यासाठी वेगळी वाट

थोरल्यासाठी मोठ्या वाद्यवृंदांकडे जाऊ नका, निदान आधी नको. तो व्हिएन्नाच्या लेओपोल्डश्टाट भागातल्या ‘श्पेर्ल’सारख्या नाचघरांत वाजवत असे, समोर बसून ऐकणारे थोडे, नाचणारे आणि जेवणारे जास्त. सोनेरी सभागृह त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी उघडलं. त्याच्या सुरुवातीच्या रचनांना काही व्हायोलिनं, एक बास आणि मोजकी वारावाद्यं पुरत. त्यांच्यावर साठ-सत्तर वादकांचा भार टाकला की त्या दबतात.

मार्को पोलो या कंपनीने हे काम नीट केलं आहे. ‘योहान स्ट्राउस प्रथम’ या मालिकेचे पंचवीस खंड निघाले, मुख्यतः स्लोव्हाकियातल्या झिलिना शहराच्या स्लोव्हाक सिन्फोनिएट्टाबरोबर, संचालक बहुतांशी ख्रिस्तियान पोलॅक. पहिला खंड लावा. आवाज बारका, जवळचा, एखाद्या खोलीत दहा-बारा जण वाजवत असावेत तसा. थोरला इथे भेटतो. पुढे दहाव्याच्या आसपासच्या खंडांत वाद्यवृंद वाढलेला ऐकू येतो. सगळे खंड एका दमात ऐकू नका, महिन्याला एक पुरे. त्याच कंपनीने धाकट्याच्या वाद्यवृंद-रचनांचे बावन्न खंड काढले. तिथलं वादन सगळीकडे सारखं नाही, काही ठिकाणी तालीम कमी पडलेली कळते. पण इतर कुठेच न मिळणाऱ्या शेकडो रचना त्यांत आहेत.

या मालिकांचं मोल कळायला एक गोष्ट ठाऊक हवी. १९०७ मध्ये एडुआर्डने स्ट्राउस वाद्यवृंदाचं सगळं हस्तलिखित भांडार, गाड्या भरभरून नेऊन, भट्टीत जाळून टाकलं. घराण्याच्या कामाचे वाद्यवार कागद गेले. त्यामुळे कित्येक रचना इतरत्र उरलेल्या छापील प्रतींवरून, कधी नुसत्या पियानोच्या प्रतीवरून, पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. थोरल्याच्या रचना पियानोवर तरी एकत्र राहिल्या, कारण १८८०च्या दशकात लाइपझिगहून त्यांची समग्र आवृत्ती निघाली होती. तिचा संपादक होता धाकटा योहान.

सातवी पायरी: राडेत्स्की मार्च पुन्हा ऐका

इतकं झाल्यावरच या मार्चकडे परत या. मैफलीत वर्षानुवर्षं वाजत आलं ते रूप थोरल्याचं जसंच्या तसं नव्हतं. लेओपोल्ड वेनिंगर नावाच्या, नाझी पक्षाचा सदस्य असलेल्या माणसाने ते जाडजूड केलं होतं. २००१ च्या मैफलीची सुरुवात संचालक निकोलाउस हार्नोनकूर्टने थोरल्याच्या मूळ रूपाने केली. २०२० पासून फिलहार्मोनिकने वेनिंगरचं रूप बाजूला ठेवून स्वतःचं वापरायला घेतलं. २००१ची सुरुवात आणि त्याआधीच्या कुठल्याही वर्षाचा शेवट लागोपाठ ऐका. मूळ रूप हलकं आहे, त्यात नाचघर ऐकू येतं. मधल्या भागात एक जुनी व्हिएनीज धून येते, ती तर गल्लीतून आल्यासारखीच वाटते. टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या तरी एकदा हात आवरून ऐका.

आठवी पायरी: १५ ऑक्टोबर १८४४

आता एक यादी तयार करा. त्या संध्याकाळी व्हिएन्नालगतच्या हिएट्झिंगमधल्या डोमायर कसिनो या नाचघरात धाकट्याने पहिला कार्यक्रम केला. एकोणीस पूर्ण व्हायला दहा दिवस बाकी होते. बापाच्या धाकामुळे बरेच मालक जागा द्यायला तयार नव्हते. त्याने स्वतःच्या पहिल्या चार रचना सादर केल्या: ‘झिनगेडिश्टे’ वॉल्ट्झ (ओपस १), ‘डेब्यू’ क्वाड्रिल, म्हणजे चार जोड्यांचा नाच (ओपस २), ‘हेर्त्सेन्सलुस्ट’ पोल्का (ओपस ३) आणि ‘गुन्स्टव्हेर्बर’ वॉल्ट्झ (ओपस ४). ओपस १ लोकांनी एकोणीस वेळा वाजवायला लावली असं सांगतात. चारही रचना बावन्न खंडांच्या संचात आहेत.

यादीच्या शेवटी बापाची ‘लोरेलाय’ ठेवा, कारण त्या रात्री धाकट्याने शेवट तिनेच केला होता. ध्वनिमुद्रण पोलॅकचं, छोट्या वाद्यवृंदाचं घ्या. त्या मुलापाशी फिलहार्मोनिक नव्हती, घाईने जमवलेले वादक होते. दिवा मालवून ऐका. थोरला त्या रात्री तिथे नव्हता. आणि त्यानंतर तो डोमायरमध्ये पुन्हा कधी वाजवायला गेला नाही.